वाडी ओस कशी पडते

जर्मन प्रोफेसरांच्या त्रेसष्ट सालच्या पत्राला खैरुद्दीनने उत्तरच दिलं नव्हतं. शारजात तो त्यांचा स्वयंपाकी होता. मायदेशी परतल्यावर त्यांनी लिहिलं, "आमच्याकडची एक वाडी सहाशे वर्षांपूर्वी ओस पडली. ना युद्ध, ना साथ; कारण सापडत नाही. तू आपलं गाव का सोडलंस?" "पोलिसांचा डाव असणार," त्याच्याच खोलीत राहणारा लियाकत म्हणाला. "लाँचमधून बिनपासपोर्टचा उतरलायस, खैरू. उत्तर दिलंस की खलास!" खैरुद्दीनने घाबरून पत्र पिठाच्या डब्यात लपवलं. दोन वर्षांनी गावाहून धाकटा भाऊ मोहिद्दीनही आला. "मशिदीत बांग कोण देतं रे आता?" खैरुद्दीनने विचारलं. "मीच द्यायचो, भाय. पण वर्षभरात परत जाईन, इन्शाल्ला." खैरुद्दीनही असंच सांगून निघाला होता. संध्याकाळी त्याने निनावी उत्तर टपालात टाकलं: "साहेब, वाडी कुणीच सोडली नसेल. जो तो थोड्या दिवसांसाठीच गेला असेल."