बुटांच्या खोक्यातली कार्डं

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या, जुन्या कार्डांच्या त्या भल्यामोठ्या विक्री-प्रदर्शनात नव्वदीच्या विल्माआजी मुलाचा, ग्लेनचा, दंड धरून हिंडत होत्या आणि त्यांना काही केल्या उमगत नव्हतं. च्युइंगगमच्या पुडीत फुकट येणारी बेसबॉल खेळाडूंची कार्डं ती. आता कडक प्लास्टिकमध्ये बंद, वर कार्ड किती कोरं राहिलंय त्याच्या गुणांची चिठ्ठी, आणि किंमत मोटारीएवढी!

“हीच ती माझी आई,” ग्लेननं विक्रेत्याला सांगितलं. दर नाताळच्या जेवणाला सांगायचा तसंच. “मी फौजेत गेलो आणि हिनं माझी कार्डं खोक्यासकट कचऱ्यात टाकली. नाहीतर आज बंगला बांधला असता मी!”

“चुकलंच रे बाबा,” आजी सवयीनं म्हणाल्या.

दाढीवाला विक्रेता टेबलामागून बाहेर आला आणि त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. “चुकलं कसं, आजी? तुम्ही सगळ्या आयांनी फेकली, म्हणून तर उरलेल्या कार्डांना ही किंमत आली. घरोघरी जपून ठेवली असती, तर आज रद्दीत गेली असती. आमची चूल तुमच्यामुळे पेटते!”

आजी गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा ग्लेनकडे बघत राहिल्या. ग्लेन पुढच्या टेबलाकडे वळला होता.

“थांब,” त्यांनी त्याची बाही ओढली. “मग मी जन्मभर तुझी माफी कशाची मागत आले?”