मनगटावरचा पट्टा

शलाकानं आंघोळीला जाताना मनगटावरचा पट्टा ओट्यावर काढून ठेवला, आणि हेमांगीनं तो झटकन आपल्या हाताला बांधला.

चौदावं लागलं की प्रत्येक मुलाला शाळेतून असा पट्टा मिळे. तो घरातल्या कुठल्या मोठ्या माणसाला बांधायचा, हे मुलानंच ठरवायचं. फोनवर काही बघून किंवा आणखी कशानंही मूल घाबरलं, की पट्टा त्या माणसाच्या मनगटावर थरथरे. हेमांगीच्या ऋजुतानं सख्ख्या आईला सोडून तो शलाकाकाकूला बांधला होता. तेव्हापासून धाकट्या जावेचं मनगट दिसलं तरी हेमांगीचा जळफळाट होई. काकू न ओरडता ऐकून घेते म्हणे! मग आई काय बहिरी आहे?

तेवढ्यात पट्टा थरथरला. कणकेचे हात न धुताच हेमांगी लेकीच्या खोलीकडे धावली.

"ऋजू, दार उघड! कोणाशी बोलत होतीस? काय पाठवलंस त्याला? आण तो फोन इकडे!"

पट्टा आता मनगट सोलून काढेल इतका थरथरू लागला.

"काही नाही गं आई," आतून रडवेला आवाज आला. "काकू कुठंय?"

हेमांगी एक पाऊल मागे सरली. थरथर उतरली. ती पुन्हा दाराला टेकली, तशी थरथर चढली. तिनं पुन्हा एकदा करून पाहिलं. मग पट्टा सोडला आणि न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"शलाका, आटप लवकर. तुझी पोरगी घाबरलीय."