कायनाइटचा कण

टिंग! दुपारच्या शांततेत पोळपाटाशेजारचा मोबाईल वाजला. नदीपल्याड भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक आता दगडातले कण आपले आपणच ओळखायचा. शंका आली तरच हर्षाला फोटो पाठवायचा. लेकीजवळ घरी राहता यावं, म्हणून तिनंच त्याला वर्षभर शिकवलं होतं.

पिठाच्या बोटानं तिनं फोटो मोठा केला. कायनाइट! शंभरेक कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात भाजून निघालेला. तिनं तसं लिहून पाठवलं आणि मान वर केली. समोर सहा वर्षांची अपेक्षा बोळकं दाखवत हसत होती.

"अगं माय, दात पडला का वं? चाल, छपराच्या कवेलूवर फेकू!"

"तो तं आजीनं कवाचाच फेकला."

"हो का?"


"सांग बरं आई, कवा पडला होता?"