पिवळी बांगडी

"मॅडम, तोंडी काही सांगू नका. बांगड्याच दाखवा," सुकेशिनी म्हणाली आणि पोटावर हात ठेवून टेबलाच्या ड्रॉवरकडे बघत राहिली.

लग्नानंतरच्या रक्ततपासणीच्या वेळी समुपदेशक सोयाम मॅडमनी याच ड्रॉवरमधून बांगड्या काढून समजावलं होतं. प्रत्येकाला रक्तात दोन बांगड्या मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. हिरवी निरोगी, पिवळी सिकलसेलची. एक पिवळी असली तरी माणूस ठणठणीत राहतो. बाळाच्या वाट्याला दोन्ही पिवळ्या आल्या, तर मात्र जन्माचं दुखणं. सुकेशिनी आणि तिचा नवरा धर्मपाल, दोघांकडेही एकेक पिवळी निघाली होती. घरी जाईस्तोवर दोघं बसमध्ये भांडले होते. हे तुमच्याच घराण्यातलं, आमच्याकडे असलं काही नाही!

आज पोटातल्या बाळाचा रिपोर्ट आला होता. मॅडमनी बांगड्या टेबलावर ठेवल्या. सुकेशिनीला आधी दिसली ती पिवळीच. तिनं धर्मपालचा हात घट्ट धरला.

पिवळीच्या खाली हिरवी होती.

तिला रडू फुटलं आणि त्यातच हसूही आलं. "बाळ अगदी तुमच्या दोघांसारखं," मॅडम म्हणाल्या.

धर्मपालनं पिवळी बांगडी उचलली, डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहिली आणि छाती फुगवून म्हणाला, "हे माह्याकडची हाय."

"अहो, द्या इकडं!" सुकेशिनीनं ती त्याच्या हातातून हिसकावली. "आमच्या घराण्यातली हाय ते!"