वाघाच्या गोळ्या

"आधीच सांगून ठेवतो, कुणाचा विश्वास बसायचा न्हाई," नागनाथ म्हणाला आणि त्यानं पानाचा देठ खुडला.

त्याच्या जिवलग मित्राचं, बन्सीधरचं, चौथं श्राद्ध नुकतंच आटोपलं होतं. जेवून ओसरीवर टेकलेली दहाबारा माणसं सरसावून बसली. नागनाथची गोष्ट म्हणजे मूठभर दाण्याला सूपभर फोलपट, हे सोनपेठच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लोक ऐकत.

आज मात्र त्याला एक काम करायचं होतं. बन्सीधर गेल्यापासून त्याचे थोरले भाऊ दिनकरराव उठता-बसता एकच बोल लावत, "बायकोनं दवापाण्याकडं बघितलं असतं तर माझा भाऊ जगला असता." बन्सीधरची बायको कमलबाई उलटून बोलत नसे. आत्ताही ती मधल्या दाराआड सुपारी कातरत बसली होती. तिच्या माथ्यावरचा तो बोल आज सगळ्यांदेखत उतरवायचा, असं ठरवूनच नागनाथ आला होता.

"बन्सीधरची मिशी तुमी बघितली हाय," त्यानं सुरुवात केली. "चिमण्या काड्या घेऊन यायच्या, घरटं बांधायला. तर अशा गड्याची लघवी तुंबली. औरंगाबादला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी संगं. डाक्टर म्हणला, आत कॅन्सरची गाठ हाय. ती मर्दानी रसावर पोसती. तिला उपाशी मारायची. बायकांच्या अंगात असतो त्यो रस गोळीतून घ्यायचा. इस्ट्रोजेन! रोज दोन, जन्मभर."

"हॅट्!" शेजारचा किशनराव म्हणाला. "बाप्याला बायकांचं औषध?"

"म्हणलं न्हाई का, विश्वास बसायचा न्हाई म्हणून? सहा महिन्यांच्या गोळ्या बाटलीत भरून दिल्या. गुण आला. लघवी सुटली, कळ थांबली. पर मिशी झडायली, छाती भरायली. भर थंडीत अंगातून अशा वाफा निघायल्या, की त्याच्या पाठीवर आमी भाकरी शेकून खाल्ली."

हशा पिकला. दिनकरराव हसले नाहीत.

"एक दिवस सदरा काढून मला म्हणला, नाग्या, हे बघ काय झालं माझं. लोकांत कसं जाऊ?"

एवढं सांगताना नागनाथचा आवाज खाली आला. ही एक ओळ त्यानं कधी फुगवली नव्हती.

"अन् गोळ्या सरल्यावर?" किशनरावानं विचारलं.

"मी हाय की! सोनपेठला घ्याव्या तर गावभर बोंब. म्हणून दर महिन्याला एसटीनं परभणी. नामांतराच्या मोर्च्यात गाड्या बंद पडल्या, तर सायकल हाणत गेलो. वाटेत एक चाक निघालं, उरलेल्या चाकावर परत आलो. दुकानात हीऽ गर्दी. दुकानदार डोळे बारीक करून विचारतो, काका, घरी कोन बिमार हाय? मी छातीवर हात मारून म्हणलो, वाघ! आमचा वाघ बिमार हाय! गोळ्या पुडीत बांधून आणायचो, वहिनी बाटलीत भरायच्या. विचारा त्यांना."

दाराआडचा अडकित्ता थांबला. "खरं हाय," कमलबाई आतून म्हणाली. "दर महिन्याला आणायचे."

नागनाथला हुरूप आला. "अन् मग चमत्कार बघा! मिशी परत यायली. वाफा थांबल्या. पोळ्याला बन्सीधर मिशीला पीळ भरून वेशीत उभा. आमी पेढे वाटले की!"

"अन् दिवाळीनंतर त्याची कंबर धरली," दिनकरराव म्हणाले. "ते पण सांग. हाडाहाडांत शिरलं म्हणले डाक्टर. औषध चालू असताना असं कसं शिरलं? हिनं वेळेवर दिलंच नसंल."

दिनकररावांना इथवरच आणायचं होतं. नागनाथ खाकरला.

"न्हाई, अण्णा. वहिनींचा काडीचा दोष न्हाई. गोळ्या बन्सीधरनंच टाकल्या. मिशीपायी. तोंडात धरायचा अन् नदीवर जाऊन गोदावरीत थुंकायचा. मी पाया पडलो, म्हणलं हसू दे लोकांना, तू जग. ऐकलं न्हाई. त्या साली अख्ख्या बाजारात नर मासा मिळाला न्हाई. जो चिरावा त्याच्या पोटात अंडी!"

कुणी हसलं, कुणी हळहळलं. दिनकररावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"चार वर्षं उगंच बोललो," ते दाराकडं तोंड करून म्हणाले. "कमलबाई, चुकलो मी."

नागनाथनं सुस्कारा सोडला. कैक दिवसांनी पान त्याला गोड लागलं.

कमलबाई डोईवरचा पदर सावरत उंबऱ्यात आली. थोरल्या दिरासमोर ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"मेलेल्या माणसावर दोष घालू नका, भाऊजी," ती नागनाथला म्हणाली. "त्यांनी एक गोळी टाकली न्हाई. माझ्यासमोर गिळायचे. लय जगायचं व्हतं त्यांना. तुमच्यावर त्यांचा जीव व्हता, म्हणून आजवर मी तोंड उघडलं न्हाई. शेवटाला दवाखान्यात नेलं, तवा तुमी आणलेल्या गोळ्या मी डाक्टरला दाखवल्या. पित्ताच्या निघाल्या. भर दुकानात बायकांचं औषध मागायची तुमाला एवढी शरम वाटली व्हती?"