विषय: दमलेली व्यक्ती

चिठ्ठीत एवढंच होतं. दमलेली व्यक्ती. दिवस संपला आहे.

दुसऱ्या शाळेतून आलेले परीक्षक सकाळपासून त्याच चिठ्ठीवरचा एकेका मुलाचा अभिनय पाहत होते. प्रत्येकाने कपाळावरचा घाम पुसला होता. एक मुलगा तर दारातच कोसळला. त्याला चांगले गुण पडले. आता ही शेवटची मुलगी. बाकं भिंतीला लावलेली, मध्ये मोकळी फरशी, एक खुर्ची. कोपऱ्यात नाटक हा विषय शिकवणाऱ्या बाई उभ्या.

मुलगी पास झाली तर पुढच्या वर्षीही नाटक. नाहीतर वाणिज्य. घरी तसं ठरलं होतं, आणि वडील शब्दाचे पक्के होते.

परीक्षकांनी गुणांचा कागद पुढे ओढला.

वेशभूषा. रोजचाच गणवेश, वर कुणाची तरी मागून आणलेली ओढणी. त्यांनी एक गुण दिला. शून्य बरं दिसत नाही म्हणून.

हालचाल. मुलगी आत आली. कोसळली नाही. घाम पुसला नाही. दारातच वळून कुणाकडे तरी बघून हसली. खुर्ची सरळ केली, पण बसली नाही. डाव्या हाताने खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. उजव्या हाताची बोटं ओढणीच्या आतल्या बाजूला पुसली, वरून डाग दिसू नये अशी. एक टाच हळूच चपलेतून बाहेर काढली.

कोपऱ्यातल्या बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. बोटांना खडू होता.

संवाद. "मजेत गेला की दिवस," मुलगी समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाली. मग हात कानाशी नेला. "हो आई, जेवले. नाही गं, आवाज असाच आहे माझा. ठेवू?" समोरून कुणीतरी बसायला सांगितलं असावं. "नको, बरी आहे मी."

संपलं. तिने खुर्ची होती तिथे ठेवली.

"बाई, हिला विषयच कळला नाही," परीक्षक म्हणाले.

"कळलाय, सर."

"मग थकवा कुठाय? ही तर लग्नाला आलेल्या पाहुणीसारखी टवटवीत. दमलेला माणूस दमलेला दिसायला नको?"

बाईंकडे उत्तर होतं. पण ते द्यायचं तर मुलीने कुणाला उभं केलं होतं ते सांगावं लागलं असतं.

"दिसू द्यायचा नसतो तो, सर."

"अहो, परीक्षेत दिसू द्यायचा असतो. गुण कशाला देऊ मी?"

मुलगी दप्तर उचलून दाराशी गेली. चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली. बाईंकडे एकदाही पाहिलं नाही तिने.

शेरा. 'विषयाचं आकलन नाही' असं लिहायचं होतं. 'विषयाचं' लिहून झालं. परीक्षकांचे पाय ठणकत होते. बूट कधीचेच टेबलाखाली निघाले होते. अजून एक शाळा बाकी होती आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला.

सही करायला बाई टेबलाशी आल्या. परीक्षकांनी शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"बसा ना, बाई. मी आल्यापासून उभ्याच आहात."

"नको," बाई हसल्या. "बरी आहे मी."

शब्द तोंडून निघून गेले होते. दारात मुलीने डोळे मिटले.

पेन थांबलं. परीक्षकांनी वर पाहिलं. बाईंचा डावा हात खुर्चीच्या पाठीवर होता. उजव्या हाताची बोटं ओढणीच्या आत पुसली जात होती. परीक्षकांनी हळूहळू नजर खाली नेली. फरशीपर्यंत.

"पोरी," ते दाराकडे न बघताच म्हणाले, "जरा थांब."

बाईंची टाच गुपचूप चपलेत परत गेली.