भारीवाली

मावशीचा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून रेकॉर्डिंगला तिच्या जागी भाचीची वर्णी लागली. "तुझी भारीवाली गिटार देत असशील तरच जाईन," भाचीने अटच घातली. चिकटपट्ट्या लावलेल्या ज्या डबड्यावर ती मावशीकडे शिकली, ते घेऊन स्टुडिओत जायचं म्हणजे अब्रूचं खोबरं! मावशीने फक्त रेकॉर्डिंगलाच बाहेर निघणारी आपली गिटारची रुबाबदार काळी पेटी तिच्या हातात दिली.

स्टुडिओत पेटी उघडली, तर आत तेच डबडं. मावशीला विचारायला भाचीने मोबाइल काढला. पण काचेपलीकडून खूण झाली होती. डोळे मिटून ती वाजवत सुटली.

"बस्स! हाच तो तुझ्या मावशीच्या गिटारचा आवाज," रेकॉर्डिस्ट खूश होऊन म्हणाला.

बाहेर येताच तिने फोन लावला. "मावशी, अगं गडबडीत तू डबडंच भरलंस! भारीवाली घरीच राहिली."

"कुठली भारीवाली?" मावशी हसत सुटली. "भारी आहे ती पेटी. आत गेल्यावर लोकांनी बसायला खुर्ची द्यावी, म्हणून घेतली होती. पुढचं बोटं बघून घेतात."